आठ कीरात, एक टाकी

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. मानूही नका. आमच्या या कफ्र अतवान गावात आजवर कुणी ती मानलेली नाही, आणि इथली माणसं तर कसलीही थाप सुकी गिळतात. कालव्याला जाळी बसणार, असं जिल्ह्याचा साहेब दरसाल येऊन सांगतो आणि लोक त्याला चहा पाजून परत पाठवतात. तेव्हा टोप्या काढा, नेहमीसारख्या त्या खांबातून बाहेर आलेल्या लाकडी मुठीला टांगा आणि चहा आधी संपवून घ्या. पुढं जे येणार आहे ते ऐकताना चहा घशाखाली उतरायचा नाही. कोपऱ्यातला तुकतुक रिक्षा चालवणारा शहाता आत्तापासून हसतोय. हसू दे. हसतोय तोवर बोलत तरी नाही.

तर एका घरात एक्कावन्न माणसं राहायची.

हे घर झेनहोमचं. त्याला आठ मुलगे, आठांच्या आठ बायका, त्यांची बत्तीस पोरं, म्हातारी बायको तफीदा, आणि म्हातारपणी कुणी न बोलावता आलेली सहा वर्षांची मुलगी. झेनहोमच्या बापानं बांधलं तेव्हा घर एक मजली मातीचं होतं. पुढं दोन-दोन मुलांच्या लग्नांमागं वर एकेक मजला चढत गेला, विटांचा, बिनगिलाव्याचा. गच्चीवर खांबांच्या सळ्या उघड्याच सोडलेल्या, नातवांसाठी. आमच्याकडे ज्या घराच्या डोक्यावर सळ्या नाहीत त्या घराला लोक निपुत्रिक समजतात. झेनहोमच्या घरावर सळ्यांचं रान होतं, आणि तो गच्चीवर जाऊन त्यांच्यावरून असा हात फिरवायचा, जसा दुसरा एखादा म्हशीच्या पाठीवरून फिरवेल.

मजले पाच, संडास पाच. खाली टाकी मात्र एकच. ती बापानं सात माणसांच्या मानानं खणलेली. इतक्या वर्षांत कुणाला वाटलं नाही की वर माणूस वाढला की खाली खड्डा वाढवावा लागतो.

जमिनीचं उलट झालं. आजाकडे पाच फद्दान होती, एकेक फद्दान एकराएवढं. आजाला पोरं झाली, बापाला भावंडं झाली, वाटण्या होत होत झेनहोमच्या हाती उरले आठ कीरात. चोवीस कीरातांचं एक फद्दान, म्हणजे फद्दानाचा तिसरा हिस्सा. चार बाजूंनी लोकांनी शेतं मोडून घरं उठवलेली, आणि मध्ये हा तुकडा, हिरवागार बरसीम लावलेला, पाच मजली विहिरीच्या तळाशी पडलेल्या रुमालासारखा. दुपारी दोन तास ऊन यायचं. तेवढ्यावर बरसीम वाढायचं, तेवढ्यावर म्हैस दूध द्यायची.

जानेवारीत कालवे बंद होतात. तीन आठवडे पाणी तोडतात, गाळ काढायचा म्हणून. गाळ कुणी काढत नाही, पण पाणी मात्र नेमानं तुटतं. एरवी पाण्याखाली झाकलेलं सगळं मग उन्हात उघडं पडतं. त्या वर्षी झेनहोम सकाळी विळा घेऊन बांधावर आला आणि कालव्याच्या तळाकडे पाहत उभा राहिला. पोरांचे डायपर होते. दहा-वीस नव्हे, कोंबड्यांचा कळप पाण्यात बुडून फुगावा तसे, काठापासून काठापर्यंत. मध्ये एक गाढव, पाय वर. चपला, औषधाच्या सुया, एक गादी, आणि गादीवर बसून काहीतरी ओढणारं कुत्रं. वास असा, की थुंकलं तर थुंकीलाही तो लागेल.

"हे आपण पितो," झेनहोम स्वतःशीच म्हणाला. म्हणजे बरसीम पितं, म्हैस बरसीम खाते, आणि आपण म्हशीचं पितो. गोल फिरून तिथंच.

विळा त्याच्या बापाचा होता. तुतीच्या लाकडाची मूठ, चिरली म्हणून वरून तांब्याची तार गुंडाळलेली. चाळीस वर्षांत तारेवर त्याच्या बोटांच्या खाचा पडल्या होत्या. तो उकिडवा बसला आणि कापायला लागला. दोन मुठी कापल्या असतील, तोच ट्रॅक्टरचा आवाज आला. मागं गंजकी टाकी. मितवल्लीची. गावातल्या संडासांच्या टाक्या उपसणं हा मितवल्लीचा धंदा, आणि त्याच्या अंगाला असा वास यायचा की त्याच्या लग्नात पाहुणे तोंडाला रुमाल बांधून जेवले म्हणतात.

मितवल्लीनं ट्रॅक्टर बांधालाच लावला, जाड नळी खेचली आणि तोंड कालव्यात सोडलं.

"ए," झेनहोम उठला. "इथं नाही. पाणी नाहीये खाली. इथंच साचून राहील ते."

"पाणी येईल की तीन आठवड्यांनी. मग जाईल वाहून."

"कुणाच्या शेतात जाईल?"

"पाण्याला कोण विचारतं, हाज."

झेनहोम हजला गेलेला नव्हता. पण पिकल्या मिशीला आमच्याकडे हाज म्हणतात, आणि मितवल्ली कुणाला दुखवून गिऱ्हाईक घालवणारा नव्हता. झेनहोमनं नळीवर पाय ठेवला.

"उचल. नाहीतर विळ्यानं कापतो."

मितवल्लीनं नळी खाली टाकली आणि बोटं झग्याला पुसली. "काप. पण आधी ऐक. ही टाकी कुणाच्या घरची आहे, ठाऊक आहे? तुझ्या. सकाळी सातला तुझ्या तिसऱ्यानं, सबरीनं बोलावलं. हे तुझंच आहे, हाज. तुझ्या पोरांचं, नातवांचं. नको असेल तर परत नेऊन ओततो, जसं घेतलं तसं. बोल, नेऊ?"

शेजारच्या गच्चीवर दोन बाया कपडे वाळत घालत होत्या. त्या हसायच्या थांबल्या नाहीत. नुसत्या तोंड फिरवून हसल्या. झेनहोमनं पाय काढला. नळी दोनदा उचकली आणि ओकायला लागली. तो पाठ करून बरसीम कापत राहिला, आणि सबंध वेळ त्याला कानांनी कळत होतं, आपल्या घरात काय काय शिजलं होतं.

जाता जाता मितवल्ली म्हणाला, "आणि एक सांगतो. पूर्वी तुझ्याकडे महिन्यातून एकदा यायचो. आता चार दिवसांनी. मी एकटा आहे, ट्रॅक्टर एक आहे, आणि गावात तुझ्यासारखे शंभर आहेत. आता दहा दिवस माझी वाट बघू नकोस."

"आणि भरली तर?"

"पोरांना सांग, जरा कमी खा."

पाचव्या दिवशी भरली.

झेनहोम आणि तफीदा तळमजल्यावर झोपायचे, मोठ्यांचा मान म्हणून. त्या मानाचा अर्थ त्या सकाळी कळला. वर चार मजल्यांवर चार जणांनी बादली ओतली की खाली झेनहोमच्या मोरीतून बुडबुडा यायचा, मग ढेकर, मग ते. तफीदानं उंबऱ्यावर चिंध्यांचा बांध घातला. चिंध्या तरंगायला लागल्या. तिनं डोक्यावरची ओढणी नाकाशी धरली आणि जिन्यातून वर ओरडली, "अरे, कुणी जाऊ नका रे, तुमच्या बापाच्या अंथरुणात येतंय."

वरून एका सुनेचा आवाज आला, "आई, पोरं कशी थांबणार?"

"मग शाळेत जाऊ दे."

"शाळेतला संडास तर कधीच बंद केलाय."

शेवटी झाकण उघडलं. झाकणाखाली हात घालायला आठांपैकी चौघेच निघाले; बाकीच्यांना नेमकं त्याच दिवशी शहरात काम होतं. थोरला रअफत दोर धरून उभा राहिला. तिसरा, सबरी, गवंडी होता, त्यानं झगा कमरेला खोचला आणि खाली उतरला, मांडीपर्यंत. झेनहोम बादल्या ओढून घेत होता आणि हातगाडीवरच्या पिंपात रिकाम्या करत होता. पिंप भरलं की गाडी कालव्याकडे. सबंध दिवस चाललं. पहिल्या तासात ओकारी येते, दुसऱ्या तासात ओकायला काही उरत नाही, तिसऱ्या तासात माणूस वास विसरतो, आणि सगळ्यात घाण तेच. विसरल्यावर झेनहोमनं बिनदिक्कत त्याच हातानं मिशी पुसली.

खालून एकेक वस्तू येत होती. चमचे. पोरांची शिट्टी. शाळेचं प्रगतिपुस्तक, चार तुकड्यांत. आणि तफीदाचं सोन्याचं कानातलं, थोरल्या सुनेच्या बाळंतपणाच्या वर्षी हरवलेलं, ज्यावरून तिनं त्या सुनेशी नऊ वर्षं अबोला धरला होता. तफीदानं ते सात पाण्यांनी धुतलं, आठव्यांदा वास घेतला आणि कानात घातलं. सुनेशी मात्र बोलली नाही. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात कशी मोडणार.

दुपारी सबरी खड्ड्यातून वर आला तेव्हा त्याच्या पायांचे केस दिसत नव्हते. बापाच्या शेजारी बसून त्यानं सिगारेट पेटवली.

"आबा, या घरात आता जागा नाही."

"ते मला खालून कळतंय."

"मी बरसीमचं म्हणतोय. आठ कीरात. तिथं आम्ही तिघं बांधू. मी, माझ्या पाठचा आणि धाकटा."

"आणि म्हैस काय खाईल?"

"म्हैस विकू."

"आणि तू काय खाशील?"

"दुकानात सगळं मिळतं, आबा."

झेनहोमनं पिंपाकडे बोट केलं. "ते तर दिसतंच आहे."

त्या संध्याकाळी सगळे गच्चीवर जेवायला बसले, कारण खाली बसवत नव्हतं. मक्याची मेथी घातलेली भाकरी, कांदा, आणि मडक्यातलं जुनं मिश. खारवलेलं चीज वर्षभर मुरलं की त्यात अळ्या होतात, आणि खाणारा त्या भाकरीनं बाजूला सारतो किंवा सारत नाही. झेनहोमनं घास घेतला. एक अळी भाकरीच्या काठावरून वर चढली आणि इकडे-तिकडे बघू लागली, जसं आपलं घर ओळखायचा प्रयत्न करत असावी. त्यानं घास खाली ठेवला.

"मला एक बोलायचंय," तो म्हणाला. "यापुढं या घरात मूल नको. पाच वर्षं तरी. सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या मिळतात."

मग रअफत म्हणाला, "आबा, तुमची धाकटी सहा वर्षांची आहे. माझी इन्शिराह नऊची. आत्या भाचीची उतरलेली चप्पल घालते."

सगळी गच्ची हसली. सुना पदराआड हसल्या. सबरीची बायको नगात हसली नाही. तिनं मांडीवरच्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सासूच्या कानात काहीतरी म्हणाली. तफीदा भाकरी मोडत म्हणाली, "उशीर झाला तुला, झेनहोम. हिला चौथा लागलाय."

"मिशमधला किडा मिशमधूनच होतो," झेनहोम म्हणाला.

"म्हणजे तुमच्यातूनच," सबरी म्हणाला. चेष्टेत म्हणाला. पण खरी गोष्ट चेष्टेत म्हटली की ती जास्त आत जाते. झेनहोमनं अळीसकट घास तोंडात टाकला आणि चावला. कारण आता ती बाजूला सारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इन्शिराह शाळेतून आली ती भिंतीला घासत. मागून झगा ओला. पोरं तिच्या मागं नाक धरून येत होती. ती थेट म्हशीच्या गोठ्यात जाऊन बसली. झेनहोम तिथं चारा टाकत होता.

"किती वेळ धरून ठेवलं होतंस?" त्यानं विचारलं.

"पहिल्या तासापासून. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या कुठं जाशील, बाहेर पण तसंच आहे."

"मग?"

"मग चौथ्या तासाला म्हैस जशी," ती म्हणाली आणि म्हशीकडे बघून रडायला लागली.

झेनहोम तिला घेऊन शाळेत गेला. आमच्या शाळेत तीन पाळ्या. सकाळी साडेसहाला पहिली, तेव्हा पोरं झोपलेली असतात. दहाची दुसरी, तेव्हा मास्तर झोपलेले असतात. दोनची तिसरी, तेव्हा उजेड झोपायला लागतो. इन्शिराह दुसऱ्या पाळीत; झेनहोम पोचला तेव्हा तिसरी भरली होती. झेनहोमनं दारातून आत पाहिलं. एका खोलीत एकशे चार पोरं. बाकावर पाच-पाच, बाकाखाली दोन-दोन, खिडकीच्या कठड्यावर ओळीनं, चिमण्यांसारखी. लिहायला मांडी मोकळी नाही म्हणून मागचं पोर पुढच्याच्या पाठीवर वही ठेवून लिहीत होतं, आणि सगळ्यात पुढचं भिंतीवर. मास्तरांना चेहरे ठाऊक नव्हते. मागच्या साली एका पोरासोबत त्याची शेळी आठवडाभर येत होती आणि तिची हजेरी लागली होती, असं म्हणतात. तिमाहीला ती नापास झाली, पण शेवटून पहिली नव्हे.

ओसरीच्या टोकाला संडासाच्या दाराला साखळी होती. साखळीखालून जे बाहेर आलं होतं त्यावर पोरांनी विटा टाकल्या होत्या, आणि विटांवरून उड्या मारत एक मुलगा डबा घेऊन चालला होता.

हेडमास्तर उस्ताज लबीब आपल्या खुर्चीत नव्हते, कारण खुर्चीत दोन विद्यार्थी परीक्षेचा पेपर लिहीत होते. ते दाराशी उभे होते.

"पोरगी ओली आली," झेनहोम म्हणाला.

"एकटी नाही आली."

"लाज नाही वाटत?"

"पहिली दहा वर्षं वाटली." उस्ताजनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, शर्ट चष्म्यापेक्षा मळका होता. "तुमच्या घरची यात किती, हाज?"

झेनहोमनं मनात मजले मोजले. "सतरा."

"सतरा. म्हणजे या तीन पाळ्यांत एका बाकावर तुमचंच घर बसवायचं म्हटलं तरी बाक मोडतो. सरकार शाळा बांधून द्यायला तयार आहे. बारा खोल्या, नळ, पाइपाचा संडास. जमीन गावानं द्यायची. मी सात वर्षं दारोदार फिरतोय. सगळे म्हणतात, देऊ उस्ताज, पोराचा मजला झाला की देऊ. गावात आता मोकळी जमीन एकच राहिलीय." खिडकीतून बरसीमचा हिरवा कोपरा दिसत होता. दोघंही तिकडं बघत नाहीत असं दाखवत बघत राहिले.

झेनहोमनं त्या दिवशी पाणी प्यायलं नाही. बांधावर जाऊन बसला. मितवल्लीच्या नळीनं कालव्यात ओकलेलं बरसीमच्या अर्ध्या तुकड्यात झिरपलं होतं, तिथं पानं पिवळी पडून चिखलात झोपली होती. त्यानं विळ्याच्या टोकानं एक रोप उकरलं. मुळाला मातीऐवजी काळं काहीतरी लागलं होतं, दोरा-दोरा. आजाची पाच फद्दान आठवली. त्यांतली एक ढेकूळ त्याच्या लहानपणी तोंडात टाकली तर गोड लागायची.

गुरुवारी तो उस्ताजकडे गेला. "कागद करा," म्हणाला. "आठही कीरात घ्या. एक अट. शाळेची टाकी वेगळी खणा. आणि खोलीत चाळीसच्या वर पोर बसवायचं नाही."

उस्ताज लबीबांनी चष्मा पुन्हा काढला, पण पुसला नाही. "रविवारी कचेरी उघडली की अंगठा. तोवर घरी बोलू नका."

झेनहोम घरी बोलला नाही. फक्त तफीदाला सांगितलं. तफीदानं फक्त नगातला. बस्स, मग पुढं कुणी कुणाला सांगितलं ते सांगायला नको. एक्कावन्न माणसांच्या घरात गुपित म्हणजे चाळणीतलं पाणी.

शुक्रवार आला. आता परक्या माणसाला हे कळायचं नाही, पण शेतात घर बांधायला सरकारची मनाई आहे, आणि सरकारला शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. म्हणून आमच्याकडे स्लॅब शुक्रवारीच पडतो. गावभर ज्या ज्या घराचा वाढदिवस विचाराल तो शुक्रवारच निघेल, किंवा ईद. नमाजाला अजान झाली की मिक्सर सुरू होतो, आणि रविवारी साहेब येतो तेव्हा खांब उभे असतात. उभ्या खांबाला मग कोण पाडतं. झेनहोमनंच पोरांना हे शिकवलं होतं. चौथा मजला त्यानं ईदच्या दिवशी ओतला होता, आणि गवंड्यांना मेंढा कापून जेवण घातलं होतं.

मशिदीत तो ओळीत उभा राहिला आणि दोन्ही बाजूंना त्याला आपली पोरं दिसली नाहीत. आठांपैकी एकही नाही. इमाम सांगत होते की संतती ही जगण्याची शोभा आहे आणि प्रत्येक तोंड आपली भाकरी बरोबर घेऊन येतं. झेनहोमच्या मनात आलं, भाकरी बरोबर येते हे खरं, पण पुढं तिचं जे होतं ते कोण घेऊन जातो. मग लांबून खडखडाट ऐकू आला. लोखंडी पोटात दगड फिरल्यासारखा. अख्ख्या मशिदीला तो ओळखू आला, आणि कुणीतरी मागून हळूच अभिनंदन केलं, "मबरूक, हाज."

तो चपला न घालता निघाला.

बरसीममध्ये बारा खड्डे होते. हिरव्यावर काळी तोंडं. अकरा खांबांत माल पडलेला, फळ्या ठोकलेल्या, आणि बाराव्याच्या फळ्यांत सबरी बादली रिकामी करत होता. बाकीचे सात भाऊ ओळीनं बादल्या देत होते. त्या दिवशी कुणालाही शहरात काम नव्हतं. कापलेलं बरसीम, कोवळं, अजून दोन आठवड्यांचं, मिक्सरच्या चाकाखाली तुडवून चटणी झालेलं. सुना मोठ्या परातीत भात आणत होत्या. इन्शिराह हातात पाण्याचा घडा घेऊन उभी होती. तिनं आजोबाकडे पाहिलं आणि घडा खाली ठेवला.

"आबा, शिव्या द्यायच्या तर संध्याकाळी द्या," सबरी म्हणाला. "माल सुकतोय."

"ही जमीन मी दिलीय."

"परक्याच्या पोरांना. आम्ही कुणाची?"

"तुझ्याच पोरांना दिलीय, गाढवा. रअफतच्या इन्शिराहला दिलीय."

"इन्शिराह उद्या नवऱ्याच्या घरी जाईल. शाळा बरोबर नेणार आहे का? नगातला जुलैमध्ये होईल. तो कुठं झोपेल, फळ्यावर?"

झेनहोमला उत्तर होतं. पण ते उत्तर त्यानं चाळीस वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं, तफीदाला, आठ वेळा. त्यानं फक्त विचारलं, "आणि टाकी?"

सबरीनं बादली खाली ठेवली. त्याला खरोखर आनंद झाला होता. बाप कामाचं बोलायला लागला, म्हणजे वळला. "त्याची काळजी करू नका. नवी खणायची गरज नाही. पाइप टाकून जुन्या टाकीलाच जोडतोय."

झेनहोमनं झग्याच्या आतून विळा काढला. नमाजाला विळा घेऊन कोण जातं, विचाराल. पण घरात तो ठेवला तर नातवंडं खेळायला नेतात, म्हणून तो नेहमी अंगावरच असायचा. तो बाराव्या खांबापाशी गेला. माल अजून ओला होता, फळ्यांच्या फटीतून राखाडी पाणी झिरपत होतं. मिक्सर कुणी बंद केला ठाऊक नाही, पण बंद झाला. आठ मुलगे, आठ सुना, परातीवरच्या माशाही थांबल्या म्हणतात. त्यानं विळा डोक्यावर उचलला. तांब्याची तार उन्हात चमकली.

आणि मग, मंडळी, सबरीच्या हातून बादली पडली. तो बापाच्या पायांशी बसला आणि रडला. रअफतनं स्वतः फळ्या उचकटल्या. आठ भावांनी मिळून अकरा खांबांचा ओला माल हातांनी उपसला, टाकी उपसली होती तसा, आणि खड्डे मातीनं भरले. रविवारी अंगठा झाला. वर्षाच्या आत शाळा उभी राहिली. बारा खोल्या, खोलीत चाळीस पोरं, एकही जास्त नाही. नळाला असं पाणी, की उस्ताज लबीब त्यात चष्मा धुतात. पाइप थेट सरकारी गटाराला. इन्शिराह पहिल्या बाकावर बसायची, आता तिथंच मास्तरीण आहे. मागच्या अंगणात मूठभर बरसीम ठेवलंय, झेनहोमची आठवण म्हणून. पानं भिजली की अजून त्याचा गोड वास येतो. नगातला मुलगी झाली, आणि मितवल्लीनं ट्रॅक्टर विकून अत्तराचं दुकान—

"बसयूनी काका," शहाता कोपऱ्यातून म्हणाला, "शाळा तिथं झाली, तर आपण बसलोय तो सबरीच्या घराचा तळमजला कुठून आला? आणि तुमची टोपी टांगलीय ती तांब्याची तार गुंडाळलेली मूठ कुणाच्या विळ्याची?"